नकाशा, भाव अन् फॉरवर्ड फोटो: चित्र आणि मजकूर एकत्र वाचायचा कसा

मोबाईलवर काहीही उघडलं की नजर आधी रंगावर जाते, मग मोठ्या आकड्यावर, अन् खालचं बारीक अक्षर राहिलं तर राहिलं. यात आळस वगैरे काही नाही, डोळ्याची बनावटच तशी आहे. हात लांब करून अंगठा समोर धरा, त्या नखाएवढ्या भागातच आपल्याला खरं स्पष्ट दिसतं, बाकी सगळं धूसर, अन् डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत तो स्पष्ट तुकडा इकडून तिकडं फिरवत राहतो. उडी चालू असताना तर काही टिपल्याच जात नाही. म्हणजे आपल्याला वाटतं आख्खा नकाशा बघितला, प्रत्यक्षात बघितलेल्या असतात चार-सहा जागा, मधलं सगळं मेंदूनं भरून घेतलेलं असतं.

त्या चार-सहा जागा कोणत्या असाव्यात हे मात्र ठरवता येतं. यार्बस नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ होता, त्यानं रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र लोकांना दाखवलं अन् प्रश्न बदलत गेला. या लोकांची वयं काय असतील असं विचारलं की नजर चेहऱ्यांवर फिरायची, घरची परिस्थिती कशी आहे विचारलं की तीच नजर कपड्यांवर अन् सामानावर. चित्र तेच, माणूस तोच. म्हणून पहिलं काम हे करा की स्क्रीन उघडायच्या आधी मनात प्रश्न पक्का करा. "पाऊस कसा आहे" हा प्रश्न नाही, ती गप्पा झाली. "उद्या दुपारपर्यंत माझ्या तालुक्यात फवारणी करू का नको" हा प्रश्न.

दुसरी गोष्ट, २००६ साली जेकब नील्सन या वेबसाइटींच्या अभ्यासकानं २३२ लोकांची नजर वेबसाइट वाचताना कुठं जाते ते मोजलं, तर ती इंग्रजी एफ अक्षरासारखी निघाली. वरची ओळ पूर्ण, मग खाली एक अर्धवट ओळ, अन् पुढं नुसतं डाव्या कडेनं खाली खाली. उजवा खालचा कोपरा जवळपास कोरडा. अन् आता आठवा, नकाशात कोणता रंग कशाचा हे सांगणारी पट्टी कुठं असते? खाली, कोपऱ्यात. आलेखात एकक कुठं लिहिलेलं असतं? कडेला, बारीक. पेपरवाले "संग्रहित छायाचित्र" कुठं लिहितात? तिथंच. जिथं आपण बघत नाही तिथंच कामाची गोष्ट, त्यामुळं वाचायचा क्रम मुद्दाम उलटा करावा लागतो. आधी कोपरे, मग चित्र.

पावसाचे नकाशे, यावर जरा सविस्तर

आपल्याकडं जून लागला की ग्रुपवर नकाशांचा पाऊस पडायलाय अन् वावरात मात्र थेंब नाही, तर यापासूनच सुरू करू. हवामान खात्याचे दोन नकाशे सारखे फिरतात. एक इशाऱ्याचा, एक सरासरीच्या तुलनेत किती पाऊस झाला त्याचा. दोन्हीत हिरवा, पिवळा, लाल आहे अन् दोन्हीत अर्थ वेगळा आहे.

इशाऱ्याच्या नकाशात हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे लोकांना पाठ झालंय. पण तुलनेच्या नकाशात हिरवा म्हणजे सरासरीइतका, म्हणजे उणे १९ ते अधिक १९ टक्के. लाल म्हणजे तूट, उणे २० ते उणे ५९. अन् पिवळा म्हणजे त्याहून मोठी तूट, उणे ६० ते उणे ९९! म्हणजे इथं पिवळा हा लालपेक्षा वाईट. आता ज्याच्या डोक्यात पिवळा म्हणजे "थोडंसंच" असं बसलंय तो पिवळा जिल्हा बघून म्हणणार, चला आपलं बरं आहे, लाल तरी नाही. निळ्या छटा जास्तीच्या पावसाच्या, २० टक्क्यांच्या वर एक निळा अन् ६० च्या वर दुसरा. रंगाची पट्टी न वाचता नकाशा बघायचाच नाही असं मी म्हणतो ते यामुळं.

मग तारीख. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आज सकाळच्या आकड्यात कालच्या साडेआठपासूनचा पाऊस असतो. त्यामुळं आज दुपारी धो धो पडला अन् नकाशात शून्य, म्हणून खात्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तो उद्याच्या नकाशात येईल. अन् तुलनेचा नकाशा एका दिवसाचा आहे, आठवड्याचा आहे का १ जूनपासूनचा आहे हे वर शीर्षकातच लिहिलेलं असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरासरीच जरा-मरा असते, एखादी बरी सर आली की टक्केवारी एकदम अधिक ८०, नकाशा निळाशार, अन् जमीन पेरणीएवढी ओली सुद्धा झालेली नसते. टक्के बघितले की लगेच मिलीमीटर बघायचे, एकट्या टक्क्यावर पेरणीचा निर्णय घ्यायचा नाही.

अन् सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, जिल्हा आख्खा एका रंगात रंगवलेला असतो. बीड जिल्हा पिवळा दिसला की आष्टीवाला पण म्हणतो इशारा आहे अन् परळीवाला पण. पण सोबतचा मजकूर वाचला तर तिथं असतं "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पाऊस". तुरळक हा शब्द मोघम नाही बरं का, खात्याच्या हिशोबात त्याचा अर्थ जास्तीत जास्त पाव म्हणजे २५ टक्के केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" त्याच्या वर, मग "बऱ्याच ठिकाणी", अन् पाऊणच्या वर गेला तर "बहुतांश ठिकाणी". म्हणजे रंग सांगतो किती सावध राहायचं, शब्द सांगतो किती गावांना. दोन्ही जोडल्याशिवाय अंदाज पूर्ण होतच नाही. लोक रंगाचा स्क्रीनशॉट टाकतात अन् मजकूर कापून टाकतात, मग संध्याकाळी पाऊस आला नाही की "अंदाज खोटा".

तसंच "जोरदार"चं. खात्याच्या लेखी २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या पुढं अत्यंत जोरदार. अन् आपल्या महसूल खात्याकडं मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर म्हणजे अतिवृष्टी. पंचनामा, मदत हे सगळं मंडळाच्या आकड्यावर चालतं, त्यामुळं नुकसानीचा विषय असेल तर जिल्ह्याचा रंगीत नकाशा बाजूला ठेवा अन् मंडळनिहाय तक्ता काढा. त्या तक्त्यात एकही चित्र नसतं, बघायला कंटाळा येतो, पण पैसा तिथं आहे.

धरणाचे टक्के

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी हा तर आपल्या सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय. बातमीसोबत हंडा नाहीतर ग्लास काढलेला असतो, त्यात निळं पाणी, वर मोठ्ठा आकडा. इथं विचारायचं एवढंच, हा टक्का कशाचा? जायकवाडीत एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साधारण ७६, अन् तळाचा मृतसाठा, म्हणजे दरवाजाच्या खाली राहणारं, एरवी सोडता न येणारं पाणी, २६ टीएमसी. बातमीत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणून "जायकवाडी शून्य टक्के" अशी बातमी अन् खाली पाणीच पाणी दिसणारा फोटो, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खाली कमेंटमध्ये लोक भांडायलेत, एक म्हणतो फोटो खोटा, दुसरा म्हणतो आकडा खोटा. ग्लासच्या चित्रात मृतसाठा दाखवायला जागाच ठेवलेली नसते, ही खरी भानगड आहे.

उघडलेल्या दरवाजांचा फोटो असेल तर तो कधीचा ते बघा. ज्या वर्षी धरण भरतं त्या वर्षीचे झकास फोटो निघतात अन् ते पुढं कितीही वर्षं पुरतात.

बाजारभाव

व्हिडिओच्या थंबनेलवर सोयाबीनचा ढीग, लाल बाण वर, अन् आकडा असा की आडतीवर आजच गाडी लावावी वाटते. हा आकडा बहुतेक वेळा जास्तीत जास्त दराचा असतो. बाजार समितीच्या तक्त्यात आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त अन् सर्वसाधारण असे रकाने असतात. समजा किमान ३८००, कमाल ४७५०, सर्वसाधारण ४४५०. तो ४७५० एखाद्या बियाण्याच्या लायकीच्या ढिगाला मिळालेला असू शकतो. आपल्या मालाला जवळचा आकडा सर्वसाधारणचा, अन् त्याच्या शेजारी आवक बघायची. दहा क्विंटल आवकेवरचा भाव अन् दहा हजार क्विंटलवरचा भाव यात फरक करा, पहिला भाव म्हणजे एका दोघांचा सौदा. आधी आवक, मग सर्वसाधारण, शेवटी कमाल, या क्रमानं वाचलं की थंबनेलचा असर उतरतो.

आलेख असेल तर डावीकडची उभी रेघ शून्यापासून सुरू होते का ते बघा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ होता, २०२५-२६ ला ५३२८. वाढ ४३६ रुपये, म्हणजे जवळपास ९ टक्के. आता हेच दोन खांब काढताना कोणी रेघ ४८०० पासून सुरू केली तर पहिला खांब ९२ चा उरतो अन् दुसरा ५२८ चा, दिसायला जवळपास पावणेसहा पट! आकडे खरे, खांबावर लिहिलेले पण बरोबर, तरी बघणाऱ्याच्या मनात राहतं की भाव गगनाला भिडला. याचाच भाऊ म्हणजे पोत्याचं चित्र. भाव दुप्पट दाखवायचा म्हणून पोतं उंचीला दुप्पट अन् रुंदीला पण दुप्पट काढतात, कागदावर ते चौपट जागा व्यापतं. क्लीव्हलँड अन् मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की माणूस एका रेषेवरची उंची बऱ्यापैकी अचूक जोखतो, पण क्षेत्रफळ अन् कोन यात गडबडतो. म्हणून पोती, हंडे, गोल चकत्या असलं काही दिसलं की चित्रावरून तुलना करायचीच नाही, आकडे वाचून तोंडी वजाबाकी करायची.

हो, हमीभावाच्या पोस्टरवर ओलावा १२ टक्क्यांपर्यंत ही अट पण असते. कुठं? ओळखा. खाली.

फॉरवर्ड आलेला फोटो

इथं एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. न्यूमन, गॅरी या मानसशास्त्रज्ञांनी अन् त्यांच्या सोबत्यांनी २०१२ मध्ये लोकांना छोटी छोटी विधानं दिली, खरं का खोटं सांगा म्हणून. काहींसोबत नुसता विषयाचा फोटो, काहींसोबत काही नाही. उदाहरणार्थ मॅकाडेमिया हा सुकामेवा पीचच्या कुळातला आहे असं वाक्य अन् शेजारी त्या मेव्याचा फोटो. त्या फोटोतून कुळाबद्दल काडीचा पुरावा मिळत नाही, तरी फोटो असला की वाक्य खरं वाटायचं प्रमाण वाढलं. आपल्या ग्रुपवर हेच चालू असतं. "अमुक खतानं उतारा वाढला" अन् शेजारी हिरवंगार शेत. शेत खरं आहे हो, पण त्याचा त्या खताशी संबंध फोटोत कुठं दिसतो? फोटो आला की स्वतःला विचारायचं, हा फोटो झाकला तर उरलेल्या वाक्याला पुरावा काय राहतो. अन् मग उलट, वाक्य झाकलं तर नुसत्या फोटोतून काय सांगता येतं. हाताचा पंजा स्क्रीनवर ठेवून खरंच झाकून बघा, लहान पोरासारखं वाटतं पण काम होतं.

मग तपासणी. डबल बाण अन् "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं तर तो मेसेज पाच किंवा जास्त हात फिरून आलाय, पाठवणाऱ्या काकांना पण मूळ माहीत नाही, त्यांच्याशी वाद घालू नका. गॅलरीत फोटोची तारीख बघून "आजचाच आहे" असं म्हणणारे लै भेटतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आला की मूळ तारीख अन् ठिकाण आतून निघून जातं, गॅलरी दाखवते ती तुमच्या फोनमध्ये उतरला त्या दिवसाची तारीख.

फोटो गूगल लेन्समध्ये टाका, ते फोटोवरूनच तसले फोटो शोधून देतं. फोटोवर मोठा मजकूर चढवलेला असेल तर तो कापून नुसता चित्राचा भाग टाका, नाहीतर लेन्स अक्षरांच्याच मागं लागतं. सगळ्यात जुना सापडलेला निकाल महत्त्वाचा, पहिला दिसलेला नाही. अन् शब्दानं शोधताना जुनी नावं विसरू नका. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर अन् उस्मानाबादचं धाराशिव हे फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, त्याच्या आधीच्या सगळ्या बातम्या अन् फोटोओळी जुन्या नावानं पडलेल्या आहेत. धाराशिव टाकून पुराचा फोटो सापडला नाही म्हणजे तो नवीन आहे असं होत नाही, उस्मानाबाद टाकून पण बघायचं. उलट पण चालतं, फोटोतल्या बोर्डावर जुनं नाव असेल तर निदान शंका घ्यायला जागा आहे, पक्का पुरावा नाही, बोर्ड बदलायला आपल्याकडं किती वेळ लागतो ते माहीतच आहे.

गाडीचा नंबर दिसला तर झूम करा. एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, अंबाजोगाईचा ४४. "लातुरात ढगफुटी" अन् फोटोतल्या पाच गाड्यांवर दुसऱ्या राज्याच्या पाट्या असतील तर पुढं काही वाचायची गरजच नाही. दुकानांच्या पाट्यांची लिपी, विजेच्या खांबाचा आकार, मातीचा रंग, ही सगळी वाचायचीच गोष्ट आहे. आपली काळी माती अन् कोकणातली तांबडी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

पाण्याच्या रेल्वेचाच विचार करा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला पाणी आणणारी रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी अन् सुमारे ५ लाख लिटर पाणी. तो फोटो कोणी उद्या "लातूरला पुन्हा रेल्वेनं पाणी" म्हणून टाकला तर चित्र खरं, गाव खरं, घटना पण खरी, फक्त साल गेलं. असला फोटो पकडायला सगळ्यात अवघड, कारण सगळं ओळखीचं दिसतं. इथं चित्राकडं टक लावून काही निघत नाही, दुसरी टॅब उघडायची अन् त्या आठवड्याच्या बातम्या बघायच्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग अन् मॅकग्रू यांनी फॅक्टचेकर, इतिहासाचे प्राध्यापक अन् कॉलेजची पोरं यांना वेबसाइटी तपासायला दिल्या, तर फॅक्टचेकर पान जेमतेम बघून लगेच बाहेर पडायचे अन् बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणायलेत ते शोधायचे. प्राध्यापक मंडळी त्याच पानावर वरून खाली वाचत बसली, लोगो कसा आहे, भाषा कशी आहे, अन् बरेच जण फसले.

एआयनं केलेल्या फोटोसाठी लोक हाताला सहा बोटं तर नाहीत ना ते मोजायला सांगतात, आता ते काही कामाचं राहिलं नाही. मराठी पाट्यांवरची जोडाक्षरं अजून कधी कधी गडबडलेली असतात तेवढं बघा, पण भरवसा दुसऱ्या टॅबवरच ठेवा.

तुम्हीच पाठवणारे असाल तर

सोयाबीन पिवळं पडलं की एक फोटो अन् "कोणतं औषध मारू" एवढंच ग्रुपवर येतं, बहुतेक वेळा लांबून काढलेला, अर्ध्यात आकाश. समोरच्याला त्यातून काय कळणार? पांढऱ्या माशीनं पसरणारा पिवळा मोझॅक रोग असेल तर पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे दिसतात. लोहाची कमतरता असेल तर वरची कोवळी पानं पिवळी अन् शिरा मात्र हिरव्या, अन् ते चुनखडीच्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत जास्त, वापसा आला की बऱ्याचदा आपोआप सुधारतं. लांबून दोन्ही सारखंच पिवळं. लोहाच्या कमतरतेवर औषध मारलं तर फवारणीचा खर्च वाया, मोझॅकवर उशीर केला तर आख्खं वावर हातचं जायचं.

म्हणून तीन फोटो काढा. एक पूर्ण झाड, एक पान जवळून वरून, एक तेच पान उलटं करून, शेजारी पेन नाहीतर नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. फोटोत जे दिसतच नाही ते शब्दात लिहा, जे दिसतंय ते लिहीत बसू नका. "पान पिवळं आहे" हे दिसायलंय ना. पेरणी कधीची, वाण कोणता, पिवळेपणा नव्या पानांवर आहे का जुन्या, वावरात सगळीकडं का सखल भागातच, शेवटचा पाऊस कधी, आधी काय फवारलं.

अन् हे सगळं फोटोच्या खाली त्याच्या कॅप्शनमध्येच लिहा, वेगळ्या मेसेजमध्ये नको. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शिकण्यावर बरेच प्रयोग केले, त्यात हेच निघालं की चित्र अन् त्याचे शब्द जवळजवळ ठेवले की समजतं चांगलं, लांब ठेवले की वाचणाऱ्याचा जीव नुसती जोडाजोड करण्यात जातो. ग्रुपवर तर मधी दहा गुड मॉर्निंग येऊन पडतात. कॅप्शन फोटोला चिकटून फॉरवर्ड होतं, तुमच्या ग्रुपमधल्या माणसानं तो फोटो कृषी सहायकाला नाहीतर कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांना पुढं पाठवला तरी पेरणीची तारीख सोबत जाते. व्हॉइस नोट मात्र मागंच राहते, ती लावू नका.